माळ्यावरचं तुझं सामान

सोलापूर,
रविवार

चि. अमोल यास,
अनेक आशीर्वाद.

फोनवर मी काही सांगायला लागले की तू "हो हो" म्हणतोस आणि पुढच्या रविवारी तेच पहिल्यापासून सांगावं लागतं. म्हणून या वेळी कागदावर लिहून काढतेय.

तू पाठवलेली सफाईवाली पोरं येऊन गेली. पंखे, खिडक्यांच्या जाळ्या, बाथरूम झकास करून दिलं. बोअरच्या पाण्यानं नळांवर पांढरा क्षार चढला होता ना, तोही गेला. (पिळलेल्या लिंबाच्या साली घासून मीही काढते, पण माझे दोन दिवस जातात.) मात्र स्वयंपाकघरात त्यांनी आधी फरशी पुसली आणि मग वरच्या फळ्या झटकल्या! अरे, जळमटं आधी आणि फरशी सगळ्यात शेवटी, हे शेंबड्या पोरालाही कळतं. चहा पाजला आणि म्हटलं, बाकीचं राहू द्या, आम्ही बघतो.

बाकीचं म्हणजे कोठी, चादरी आणि माळा.

कोठी झाली. यंदा दोन पोती मालदांडी ज्वारी घेतली, मंगळवेढ्याची. पत्र्याच्या कोठीच्या तळाशी मागच्या सालची ओंजळभर ज्वारी होती, तिच्यात सोंडकिडे. ती काढली, कोठी धुतली आणि दोन दिवस गच्चीवर उन्हात आडवी टाकली. कोठीत जराही ओल राहिली तर नव्या दाण्याला बुरशी धरते. ज्वारीलाही ऊन दिलं. अण्णा तासातासाला जाऊन एक दाणा दाताखाली धरायचे. नुसता चेपला की मान हलवून खाली यायचे. तिसऱ्या दिवशी दुपारी दाणा कट्ट वाजला, तो मला जिन्यात ऐकू आला म्हण! मग संध्याकाळी ज्वारी निवल्यावर कोठी भरली, थराथराला सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला घालून. गरम धान्य भरलं तर आत घाम सुटतो. तुझ्या पुण्याच्या डब्यातल्या पिठाला अळ्या झाल्या होत्या तेव्हा तू मला विचारलं असतंस तर बरं झालं असतं.

चादरी मात्र अर्ध्यावर आहेत. आठपैकी चार धुतल्या. तुला आठवतं का, कोरडी चादर तू खांद्यावर टाकून पळायचास आणि तीच भिजली की तुला उचलायची नाही? एक टोक तुझ्याकडे, एक माझ्याकडे, आणि दोघांनी आपापल्या उजवीकडे पीळ द्यायचा. तू हटकून डावीकडे फिरवायचास, म्हणजे माझा पीळ सुटायचा आणि तू खदाखदा हसायचास. आता अण्णांचा खांदा वर जात नाही. मी एक टोक गच्चीच्या गजाला बांधून पिळते, पण गज काही आपल्या बाजूनं पीळ देत नाही. निम्मं पाणी आतच राहतं. चादर वाळायची सावलीत, उन्हात रंग विटतो. आणि पुण्यात "सोलापुरी" म्हणून घेतलेली ती तुझी चादर आणू नकोस, पहिल्याच धुण्यात माझे दोन टॉवेल गुलाबी झाले. आपली चादर उलटून बघ, दोन्ही बाजूंना नक्षी असते, फक्त रंगांची अदलाबदल झालेली. तुझ्या चादरीच्या मागे नुसते लोंबणारे धागे.

एक गोष्ट तुमच्या खोलीसाठी. ब्लीचिंग पावडर टाकलेल्या मोरीत ॲसिड ओतू नका. गेल्या वर्षी मी ओतलं. पिवळट वाफ आली आणि दोन दिवस छाती धरून खोकत होते. अण्णा म्हणाले, हा क्लोरीन, हवेपेक्षा जड, खालीच साचून राहतो, आणि तू बसली होतीस वाकून. कुठलंही एकच वापरा, दारं-खिडक्या उघडी ठेवून.

आता माळा. तो मी हातही न लावता सोडलाय, कारण वर निम्म्याहून जास्त सामान तुझं आहे. इंजिनिअरिंगची पुस्तकं आहेत, त्यांना कसर लागली आहे. ड्राफ्टर आहे. हँडल सुटलेली बॅट आहे. आणि तो पेटीएवढा जुना मॉनिटर. भंगारवाला म्हणतो काच फोडून तांबं काढतो. अण्णांनी फोडू दिला नाही, त्या काचेत शिसं असतं म्हणाले. तर तो तसाच आहे. दर वर्षी तू म्हणतोस, "असू दे, बघतो", आणि मी दर वर्षी तेच खोकं पुसून परत वर ठेवते. यंदा पुसणार नाही. ठेवायचं ते पुण्याला ने, नको ते तुझ्या हातानं दे. टाकून दिल्यावर "आई, ते कुठंय?" हे मला ऐकायचं नाही.

उजनी धरण ११७ टीएमसीचं असलं तरी आमच्या नळाला पाणी चार दिवसांआडच. हिशेबानं पाडव्याच्या आदल्या दिवशी पहाटे येईल. म्हणून दोन दिवस आधी निघ, संध्याकाळची हुतात्मा एक्सप्रेस धर. चार चादरी भिजवायच्या ठेवल्यात. पीळ उजवीकडे द्यायचा, लक्षात ठेव.

तुझी,
आई