इथेनॉलमधलं पाणी आणि ग्राफीनचा पापुद्रा

संपादक महोदय,

ई-२० पेट्रोलवर (म्हणजे २० टक्के इथेनॉल, अर्थात अल्कोहोल मिसळलेल्या पेट्रोलवर) जो तो मायलेजबद्दलच बोलतोय, पण त्या इथेनॉलमधलं पाणी काढायला काय खटाटोप लागतो त्याचं कुणाला काही नाही. मी २२ वर्षं तुर्भ्याच्या एका केमिकल कंपनीत सॉल्व्हंट रिकव्हरीला (वापरलेली द्रावकं उकळून परत शुद्ध करायचं खातं) काढली. कंडेन्सरमधून आलेला गरम माल सिलिंडरमध्ये घ्यायचा, गार करून अल्कोहोलचं प्रमाण दाखवणारा हायड्रोमीटर सोडायचा आणि आकडा ९५-९६ टक्क्यांवर अडकला की अडकलाच, कितीही वाफ मारा, कारण तिथे पाणी आणि अल्कोहोल ७८ डिग्रीला जोडीनंच उकळतात. उरलेलं पाणी आता मॉलिक्युलर सिव्हचे (अतिसूक्ष्म छिद्रांच्या चाळणीसारखे) दाणे शोषतात, पण ते दाणे परत सुकवायचे म्हणजे आलाच खर्च.

२०१२ मध्ये मँचेस्टर विद्यापीठात दाखवलं की ग्राफीन ऑक्साइडच्या (ऑक्सिजन जोडलेल्या कार्बनच्या अतिपातळ थरांच्या) पापुद्र्यातून पाण्याची वाफ सुसाट जाते, पण हेलियमसारखा बारीक वायूसुद्धा अडतो. त्यांनी गंमत म्हणून व्होडका त्यानं सील केली तर ती दिवसेंदिवस कडक होत गेली! एरवी बाटली उघडी राहिली की आधी अल्कोहोल उडतं, इथे बरोबर उलटं. (सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं तर एकच प्रश्न आला, कुठे मिळतो हा कागद?)

अडचण एवढीच की हा पापुद्रा पाण्यात फुगतो, थरांमधली फट रुंदावते आणि चाळणी बिघडते.

माटुंग्याची आयसीटी (रसायन तंत्रज्ञान संस्था), पवईची आयआयटी दोन्ही आपल्याकडेच आहेत, तिथे मेम्ब्रेनवर, म्हणजे अशा गाळणाऱ्या पापुद्र्यांवर, काय चाललंय ते एकदा अर्धं पान छापा ना, राशिभविष्याला रोज जागा मिळतेच की.

– एक निवृत्त प्लांट ऑपरेटर, मुलुंड