मालवणची बदली आणि कॅरिबियनचा इन्स्पेक्टर

तीर्थरूप आई-बाबांस,

साष्टांग नमस्कार.

बाबा, इथे बीबीसीवर २०११पासून ‘डेथ इन पॅराडाइज’ नावाची मालिका लागते. ती बघताना मला सारखी तुमची मालवणची बदली आठवते.

रिचर्ड पूल हा लंडनचा इन्स्पेक्टर. कॅरिबियनमधल्या सेंट मरी नावाच्या काल्पनिक बेटावर एका ब्रिटिश अधिकाऱ्याचा बंद खोलीत खून होतो. त्या एका तपासापुरता म्हणून याला पाठवतात आणि मग तिथेच ठेवून घेतात. एवढ्या उकाड्यात हा लोकरी सूट घालून, ब्रीफकेस घेऊन वाळूत फिरतो. मनासारखा चहा मिळत नाही. राहायला किनाऱ्यावरची झोपडी, सोबतीला हॅरी नावाचा सरडा. सोलापूरहून कोकणात आलेले, घामाने भिजलेल्या खाकीतले, ताटातला बांगडा बघून आईकडे भाकरी मागणारे तुम्ही मला त्याच्यात दिसता.

या मालिकेचं मूळ तुम्हाला ठाऊक असलेल्या बातमीत आहे. २००७च्या वर्ल्ड कपमध्ये पाकिस्तानचे कोच बॉब वूल्मर जमैकात वारले. आधी खून म्हणून तपास झाला, पुढे पोलिसांनी नैसर्गिक मृत्यू ठरवला. पाकिस्तान आयर्लंडकडून हरलं, त्याच दिवशी आपण बांगलादेशकडून हरलो होतो. तुम्ही त्या रात्री जेवला नव्हता. कॅरिबियनमधल्या त्या तपासात एक ब्रिटिश पोलीस अधिकारी होता, त्यावरून लेखक रॉबर्ट थॉरोगुड यांना ही कल्पना सुचली.

आई, तुला बेट बघायला आवडेल. चित्रीकरण ग्वादलूपला होतं. तो फ्रान्सचा भाग आहे. १८५४पासून तिथे आपल्याकडचे, मुख्यतः तमिळ, मजूर उसाच्या मळ्यांवर नेले गेले. त्यांच्या मसाल्याचा ‘कोलंबो’ नावाचा रस्सा आजही तिथे घरोघर शिजतो.

बाबा, तपासात तुम्ही चुका काढाल. शेवटी सगळ्या संशयितांना एकत्र बसवून साहेब उलगडा करतात. पंचनामा नाही, मुद्देमालाची नोंद नाही. पण एक गोष्ट मला अगदी खरी वाटते. पूलला बारीकसारीक दिसतं, कारण तो परका आहे; रोज तिथे वावरणाऱ्याच्या नजरेतून सुटलेलं त्याला खटकतं. पण कोण कोणाचा कोण, कोणाचं कोणाशी वाकडं, हे त्याला तिथलेच पोलीस सहकारी सांगतात, ड्वेन सांगतो, कमीय सांगते. त्यांच्याशिवाय त्याचं पान हलत नाही. तुमच्या हवालदारकाकांना वाडीवाडीतलं माणूस ठाऊक होतं. जबाबात कोण काय लपवतंय ते तुम्ही हेरायचात आणि का लपवतंय ते काका सांगायचे. तुमची जोडी मी ओसरीवरून ऐकलीय.

पूलनंतर गुडमन, मूनी, पार्कर, आता विल्सन असे इन्स्पेक्टर बदलत गेले. बेट मात्र तेच. मालवणलाही तुमच्यानंतर कितीतरी साहेब आले असतील. तुमच्या काळातलं जाणणारे आता तुम्ही आणि हवालदारकाका, दोघंच.

म्हणून मागणं आहे. काकांना फोन करा, आठवडाभर घरी बोलवा आणि त्या तपासांचं सगळं लिहून काढा. लोकांची नावं बदला, पण बाकी काही गाळू नका. आई, बाबा स्वतःविषयी दोन ओळींत आटपतील, तू शेजारी बस. वह्या आणि चांगली पेनं पार्सलने पाठवतेय. पहिली वही भरली की फोटो पाठवा, मी टाइप करायला घेते.

तुमची लेक