गिटार नाही, गायक नाही, पुरुषही नाहीत

महोदय,

रविवार पुरवणीतला प्रोग्रेसिव्ह रॉकवरचा, म्हणजे लांब, गुंतागुंतीच्या रचनांच्या रॉक संगीतावरचा लेख आवडला. येस, जेनेसिस, किंग क्रिमसन असे सगळे बँड आले. बायका मात्र आल्या त्या गायिका म्हणूनच: रेनेसाँची ॲनी हॅस्लम, कर्व्हड एअरची सोन्या क्रिस्टिना. दोघींचा मान मोठाच आहे, पण मागे वाजवणारे पुरुष आणि पुढे गाणारी बाई, एवढीच या संगीताची मांडणी असावी असं वाचणाऱ्याला वाटेल.

म्हणून जपानच्या 'आर्स नोव्हा'ची आठवण करून देतो. मुलींनी १९८३ मध्ये काढलेला हा बँड. पहिला अल्बम यायला मात्र १९९२ उजाडलं. तेव्हा त्यात कीबोर्ड, बास आणि ड्रम्स, बस्स. केइको कुमागाई ऑर्गन आणि सिंथेसायझरवर जे काही करते, त्यात एमर्सन, लेक अँड पामर या ब्रिटिश त्रिकुटाचं वळण स्पष्ट दिसतं, पण अंधार त्यांच्याहून गडद. आमच्या घरी हे लागलं की आई आतून विचारते, "भुताचा सिनेमा लावलास का रे?" ताल असे वाकडे, की सम शोधताना तबला शिकलेल्या माझ्यासारख्याचीही बोटं चुकतात. प्राचीन इजिप्तच्या मृतांच्या ग्रंथावर बेतलेला १९९८ चा अल्बम तर रात्री एकट्याने ऐकू नये!

'बायका असूनही छान वाजवतात' ही शाबासकी त्यांना नको. लेखाचा पुढचा भाग येणार असेल, तर कुमागाईला कीबोर्डवादकांच्या यादीत बसवा, 'महिला कलाकार' या चौकटीत नको.

– एक वाचक, डोंबिवली