व्हीपीएन घेणाऱ्यांची नोंद पाच वर्षं कशासाठी? मंत्रिमहोदयांना खुले पत्र

माननीय केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्री महोदय,

स. न. वि. वि.

सांगलीत माझं करसल्ल्याचं छोटं ऑफिस आहे. माणसं नऊ, त्यातली चार घरून काम करतात. जीएसटीचं मासिक विवरणपत्र, जीएसटीआर-३बी, भरायची मुदत २० तारखेला संपते, तेव्हा आटपाडीची आमची सहकारी तान्ह्या बाळाला मांडीवर घेऊन रात्री अकरापर्यंत बिलं जुळवत बसते. आमची टॅली, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर, क्लाउडवर (इंटरनेटवरून वापरायच्या भाड्याच्या सर्व्हरवर) आहे आणि तिथवर जायची वाट व्हीपीएनची, म्हणजे इंटरनेटमधूनच जाणाऱ्या पण बाहेरच्याला आत डोकावता न येणाऱ्या खासगी मार्गाची.

ही वाट आम्ही हौसेनं धरलेली नाही. २०२१ च्या दिवाळीनंतर एका सोमवारी टॅली उघडेना. प्रत्येक फाइलच्या नावापुढे अनोळखी अक्षरं चिकटलेली आणि सोबत खंडणीची चिठ्ठी. आमचा सर्व्हर सांभाळणाऱ्यांनी रिमोट डेस्कटॉपचं, म्हणजे दुरून संगणक चालवायच्या सोयीचं, दार इंटरनेटवर सताड उघडं ठेवलं होतं. बॅकअप अकरा दिवस जुना निघाला. तेवढ्या दिवसांच्या नोंदी आम्ही कागदी बिलांवरून पुन्हा हातानं भरल्या. त्यानंतर माणशी पैसे मोजून क्लाउड व्हीपीएन घेतलं. कोरोनानंतर घरून काम रुळलं, तशी ही गरज आमच्यासारख्या नऊ-दहा माणसांच्या ऑफिसांपर्यंत पोचली आहे.

सर्ट-इनचे, म्हणजे आपल्या मंत्रालयाच्या सायबर सुरक्षा संस्थेचे, निर्देश २८ एप्रिल २०२२ चे. त्यानुसार व्हीपीएन पुरवणाऱ्यानं ग्राहकाचं नाव, पडताळलेला पत्ता, फोन, दिलेला आयपी पत्ता (इंटरनेटवरचा ओळख क्रमांक), सेवा कशासाठी घेतली, हे सारं ग्राहकानं सेवा सोडल्यावरही किमान पाच वर्षं जपायचं. गुन्हेगार शोधायला नोंदी लागतात, हे मला पूर्ण मान्य आहे. पण याच निर्देशांत यंत्रणांचे लॉग, म्हणजे संगणकात आपोआप होणाऱ्या कामकाजाच्या नोंदी, १८० दिवस ठेवायला सांगितले आहेत. मग माणसांची माहिती पाच वर्षं का? जिथे इतक्या लोकांची नावं-पत्ते एका जागी साठतात, तिथे चोराची नजर जाणारच. एकदा घर फुटलेला माणूस म्हणून हे सांगतो आहे.

परिणाम काय झाला, तेही पाहा. एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन या व्हीपीएन पुरवणाऱ्या कंपन्यांनी २०२२ मध्येच भारतातले सर्व्हर काढून घेतले. एक्सप्रेसव्हीपीएननं भारताचा आयपी पत्ता द्यायला सिंगापूर आणि ब्रिटनमधले सर्व्हर लावले. म्हणजे सांगलीहून मुंबईला निघालेली माहिती सिंगापूरला वळसा घालून जाणार, आणि नोंदी ठेवायला सांगून जे हाती यायचं होतं तेही सरकारच्या कक्षेबाहेर गेलं.

कंपन्यांच्या अंतर्गत व्हीपीएनला हा नियम लागू नाही, असं सर्ट-इनच्या मे २०२२ च्या प्रश्नोत्तरांत सांगितलं आहे. पण प्रश्नोत्तरं म्हणजे नियम नव्हे. शिवाय आम्ही व्हीपीएन उभारत नाही, दरमहा भाड्यानं घेतो. आम्ही त्या सवलतीत बसतो का, असं मी तीन पुरवठादारांना विचारलं. तिघांची उत्तरं तीन.

माझी विनंती अशी, की कर्मचाऱ्यांसाठी भाड्यानं घेतलेल्या क्लाउड व्हीपीएनची सूट, ऑफिस कितीही लहान असो, निर्देशांच्या मूळ मजकुरातच लिहावी. पाच वर्षांची मुदत १८० दिवसांवर आणावी. तपासाला जास्त काळ माहिती हवी असेल, तर त्या ग्राहकापुरता लेखी आदेश काढून ती राखून ठेवता येईल. आणि फेरविचाराला बसाल तेव्हा मोठ्या कंपन्यांबरोबर तालुक्याच्या गावातला एखादा हिशेबनीसही बोलवा. आटपाडीहून यायला आमची सहकारी तयार आहे, मी तिला विचारलं आहे.

आपला,
सांगलीतील एक करसल्लागार