आमची फुलं नेल्याबद्दल

काकी,

आमच्या बंद घराच्या आवारातली फुलं तू नेतेस, ही बातमी आता मुंबईतल्या सगळ्या भावकीत पोचली आहे. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय. नेतेस त्याबद्दल तुझे आभार.

आई-बाबांमागे वेंगुर्ल्याकडच्या आमच्या घराला कुलूप लागलं. गणपतीत उघडतं, मग पुन्हा बंद. रिकामं घर कसं जातं ते तुझ्याकडूनच कळलं. चूल विझली की धूर थांबतो आणि धुराने राखलेल्या वाशांना वाळवी धरते. माकडांच्या उड्यांनी एखादं कौल सरकतं, पाणी मातीत बांधलेल्या चिऱ्यांच्या भिंतीत उतरतं, आणि काही पावसाळ्यांत भिंत बसते. तू फुलांसाठी आत गेलीस म्हणून सरकलेलं कौल दिसलं, तुझा फोन आला आणि मिरगाआधी माणूस छपरावर चढला. तुझ्या येण्याजाण्याने वाट राहिली. नाहीतर रानमोडीचं तण ओटीपर्यंत आलं असतं.

पलीकडच्या घराचं तर जोतंच उरलंय. तिथे तू मला फुलांवरून घर दाखवलंस. कर्दळीची रांग आहे तिथे न्हाणी, कारण कर्दळ सांडपाण्यावर लावायची. तगर खळ्याच्या कडेला, मोगरा विहिरीपाशी. पहिल्या पावसात गुलबक्षी वर येते तिथे मागची पडवी. तिचं कंदासारखं मूळ उन्हाळाभर मातीखाली तग धरून असतं. ती संध्याकाळी उमलली की त्या घरच्या वयनी दिवाबत्तीला उठायच्या, हेही तूच सांगितलंस. आता उमलते, तेव्हा तिथे कुणी नसतं. खुरचाफ्याला मात्र कुणाचंच अडत नाही. जाड फांद्यांत पाणी साठवतो, पानं झडून उघडा पडला तरी फुलतो. मूळचा हा अमेरिकेतला. आम्ही इथले ते गेलो, आणि हा तिथला येऊन राहिला!

आजीच्या वेळच्या सुरंगीचं तसं नाही, तिला माणूस लागतं. फेब्रुवारी-मार्चात फांद्यांना चिकटून कळ्या येतात आणि ऊन चढण्याआधी काढल्या नाहीत तर उमलून वळेसराच्या, म्हणजे सुरंगीच्या गजऱ्याच्या, कामातून जातात. एवढ्या पहाटे उठून बंद घराच्या आवारात कोण जाणार? तू जातेस. गेल्या गणपतीत आईची पेटी उघडली तर लुगड्यांत वाळका वळेसर. चावी तुझ्याकडेच असते, तेव्हा कुणी ठेवला हे विचारायची गरज नव्हती. सुरंगी वाळली तरी वास सोडत नाही. धाकटी आत्या पेटीपाशी बसली ती उठेचना, आणि आईची आठवण काढत मोदकांना उशीर झाला.

भावकीत आता कंपाउंड घालून फाटकाला कुलूप लावायचं चाललंय. तुला कळलं तेव्हा तू एवढंच म्हणालीस, "कुलूप दाराक आसा, झाडाक नाय." मी याच्या पुढे काही बोलू शकत नाही. कंपाउंड होणार असेल तर माझ्या वाट्याचे पैसे त्यात नाहीत, हे इथेच सांगून ठेवतो.

आणि वळेसर विकून जे येतं ते तुझंच. कुणी हिशेब विचारलाच तर माझा नंबर दे.

तुझा,
शेजारचा चाकरमानी