आबांचं वय आणि तुझं

सातारा

चि. अभय यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी तू दोन बातम्या एका दमात सांगितल्यास. पाचव्या महिन्याची सोनोग्राफी झाली, बाळ व्यवस्थित आहे, ही एक. कंपनीच्या तपासणीत तुझी साखर वाढलेली निघाली, ही दुसरी. पहिली ऐकल्या ऐकल्या तुझी आई देवापुढे साखर ठेवायला उठली, त्यामुळे दुसरी तिच्या कानावर गेलीच नाही. मी अजून सांगितलेलं नाही.

तू मात्र किती सहज बोललास. "एचबीएवनसी सात पॉइंट एक आहे नाना, गोळी सुरू केलीय, बघतो मी." तीन महिन्यांच्या साखरेचा तो आकडा साडेसहाच्या पुढे गेला की त्याला मधुमेह म्हणतात, एवढं मलाही कळतं. पण त्याबद्दल या पत्रात लिहायचं नाही असं ठरवून बसलोय. डॉक्टर आहेत, मृणाल आहे. मला लिहायचंय ते बाळाबद्दल.

मृणालला माझा आशीर्वाद सांग. फार सोसलंय त्या पोरीने. ती इंजेक्शनं, दोनदा हाताशी आलेलं गेलं ते, आणि वर लग्नाकार्यात बायकांच्या चौकश्या. मूल होण्याच्या या उपचारांच्या कायद्यात बाईला पन्नास आणि पुरुषाला पंचावन्न अशी वयाची मर्यादा आहे, हे तूच मला वाचून दाखवलं होतंस. कायद्याच्या हिशेबाने तुम्ही दोघंही आत आहात. लोक म्हणतील, सत्तेचाळिशीला बाप झाला. म्हणू देत. मी जन्मलो तेव्हा आबा एकोणपन्नास वर्षांचे होते.

हे तुला माहीत आहे, पण नुसतं माहीत आहे. भिंतीवरच्या त्या एका फोटोपलीकडे तुला आबा ठाऊक नाहीत, कारण मीच कधी सांगत बसलो नाही. ते लोकल बोर्डाच्या शाळेतून पंचावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले तेव्हा मी सहा वर्षांचा. म्हणजे माझं सगळं बालपण बाप घरी. गल्लीतल्या बाकीच्या पोरांचे बाप शेतावर नाहीतर पेढीवर, माझा बाप ओसरीवर घोंगडी टाकून माझी वाट बघत बसलेला. शिंगणापूरच्या यात्रेला पोरं बापाच्या खांद्यावर बसून जायची. आबांना घाट चढवायचा नाही, म्हणून आम्ही गेलोच नाही. त्याऐवजी त्यांनी मला मोडी शिकवली. शाळेतून मोडी तोवर उठली होती. दुपारची जेवणं झाली की आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढायची, मग त्या रेघेखाली अक्षरं काढत जायचं, होता होईल तो बोरू न उचलता. शब्दाशब्दांत जागा सोडायची नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद करायचा नाही. माझा बोरू अडला की आबा माझ्या मुठीवर हात ठेवून पुढचं अक्षर वळवायचे. त्यांचा हात तेव्हा कापायला लागला होता. माझी रेघ आजही थोडी नागमोडी येते ती त्यामुळे.

तुझे थोरले काका म्हणायचे, "मला छडी, तुला बोरू." हसत नसत म्हणताना. खरंच होतं ते. काकांच्या वेळचे आबा तिशीतले, नोकरीच्या बदल्या, घरात सात माणसं खाणारी, डोक्यात सतत राग. माझ्या वेळचे आबा निवांत. काकांना मिळाला नाही तो बाप मला मिळाला, हे काकांना कळत होतं आणि मलाही. आम्ही त्यावर कधी बोललो नाही.

ती मोडी मला जन्मभर पुरली. 2023 साली जुन्या मोडी कागदांतल्या कुणबी नोंदी शोधायला शिंदे समिती नेमली आणि मोडी वाचणाऱ्याला एकदम भाव आला, तेव्हा आपल्या दारात कागद घेऊन आलेली माणसं तू पाहिलीस. रविवारी आला होतास, चप्पल ठेवायला जागा नव्हती. तेव्हा मला राहून राहून वाटत होतं, हे आबांनी बघायला हवं होतं.

म्हणून सांगतो, उशिरा बाप होण्यात तुझ्या बाळाचं काही कमी होणार नाही. तुला आता कुणाला काही सिद्ध करून दाखवायचं नाही. घर झालं, नाव झालं. तू त्याला वेळ देऊ शकतोस. फक्त

फक्त एवढंच, की आबा चौसष्टाव्या वर्षी गेले. मी पंधरा वर्षांचा होतो, मॅट्रिक अजून पुढे होती. बाळ पंधरा वर्षांचं होईल तेव्हा तू बासष्टचा असशील. हा हिशेब मी रविवारपासून करतोय, परत परत करतोय, आणि तो दर वेळी तेवढाच येतो. आबांना साखर होती की नव्हती कोण जाणे. त्या काळी कोरेगावात तपासणार कोण? पाय जळजळतात म्हणायचे, आजी तूप चोळायची. रात्री चार-चार वेळा उठायचे. आता तुझी बातमी ऐकल्यापासून मला ते सगळं आठवतंय आणि एकाला एक लागत चाललंय. घराण्यातच असेल तर?

ते गेल्यावर काकांनी मला काही कमी केलं नाही. ईबीसीची, म्हणजे गरीब घरच्या पोरांना फीची सवलत होती, पुढे शिवाजी कॉलेजात कमवा-शिका होतं, शिकलो. पण 11 डिसेंबर 1967 ची पहाट सांगतो. कोयनेचा धरणीकंप. आम्ही होस्टेलची पोरं थंडीत अंगावर चादरी घेऊन मैदानात उभे. उजाडल्यावर पहिल्या एस्टीपासून पोरांचे बाप यायला लागले. एकाचे वडील धोतर पोटरीपर्यंत खोचून धावत आले आणि त्यांनी पोराचं डोकं, खांदे, हात असं सगळं चाचपून पाहिलं, नंतर पुन्हा पहिल्यापासून चाचपलं. एकोणीस वर्षांचा घोडा तो, लाजत होता. मी बघत होतो. काका संध्याकाळी सायकलवरून आले. "लागलं का कुठं?" विचारलं, हातात पाच रुपये ठेवले आणि अंधार पडायच्या आत परत निघाले. त्यांची गरोदर बायको घरी एकटी होती. त्यांचं काही चुकलं नाही.

आता थोडं बोलतो, ऐकून घे. तुझा अमेरिकेचा कॉल रात्री साडेआठला सुरू होतो आणि जेवण अकराला. बाळं साडेआठला झोपतात. तो कॉल बदलून माग. वरच्या माणसाला स्पष्ट सांग, मूल होणार आहे. पगार कमी झाला तर होऊ दे. तू साठीला निवृत्त होशील तेव्हा बाळ तेरा वर्षांचं असेल, म्हणजे शिक्षण सगळं पुढेच, तर टर्म विमा आत्ताच बघ. साखर निघाल्यावर हप्ता वाढवतात, पण लपवून घेऊ नकोस, नंतर क्लेम नाकारतात. सकाळी चाल. भात कमी कर. ते बिस्किटांचे पुडे गाडीत ठेवतोस ते बंद. तू सेहेचाळीस वर्षांचा आहेस आणि मी तुला दहावीतल्या पोरासारखं सांगतोय, रागावू नकोस. लिहायचं नाही म्हणालो होतो आणि पान त्यातच भरलं. मला सत्याहत्तरावं चालू आहे, बाळाची मुंज-लग्न मी बघेन असं म्हणत नाही. माझं काय व्हायचं ते होईल. तुझं मात्र असं होऊन चालणार नाही.

आई सातव्या महिन्यात डोहाळजेवणाला येणार म्हणून आतापासून पिशवी भरतेय. मृणालला हिरवी साडी की आणखी कुठली, ते तिलाच फोन करून सांगायला सांग. तुझ्या साखरेचं आईला तू स्वतः सांग, समोर बसून. माझ्याकडून कळलं तर ती आधी माझ्यावर चिडेल आणि मग रात्रभर जागी राहील. आणि ती तपासणी तीन महिन्यांनी पुन्हा करतात ना? आकडा कळव. चांगला आला तरी कळव, वाईट आला तर त्याच दिवशी.

तुझे,
नाना