बाबा, तुम्ही विचारलं होतं तो भिंतीवरचा माणूस

शिकागो

प्रिय आई आणि बाबा,

सा. न. वि. वि.

फोनवर बाबांना अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेल्या अर्ध्यात आई "जेवलीस का" विचारते. म्हणून सरळ पत्र लिहितेय. मोठ्या अक्षरात प्रिंट काढून घ्या.

गेल्या वेळी तुम्ही इथे आला होता तेव्हा स्टेट स्ट्रीटवर त्या आठ-दहा मजली चित्राखाली बाबा थबकले होते. चौकोनाचौकोनांचे भडक रंग, हातात गिटार घेतलेला काळा माणूस. "पुढारी आहे का कुणी?" असं विचारलंत. मी "गायक होता" एवढंच सांगून तुम्हाला बसमध्ये चढवलं, कारण आईला थंडी वाजत होती. त्या माणसाचं नाव मडी वॉटर्स. कोब्रा नावाच्या ब्राझिलियन चित्रकारानं २०१६ मध्ये ते चित्र काढलं. पण मला सांगायचं आहे ते त्याच्याबद्दल कमी आणि त्याच्या मागे बसून वाजवणाऱ्यांबद्दल जास्त. आयुष्यभर दुसऱ्याच्या गाण्यामागे पेटी धरलेल्या माणसाला ते जास्त आवडेल असं वाटतं.

आधी थोडं त्याचं. खरं नाव मॅकिन्ली मॉर्गनफील्ड. मिसिसिपीतला, आजीनं वाढवलेला. कापसाच्या मळ्यावर ट्रॅक्टर चालवायचा. १९४१ मध्ये ॲलन लोमॅक्स नावाचा संग्राहक सरकारी ग्रंथालयासाठी लोकगीतं ध्वनिमुद्रित करत तिथे पोचला आणि यानं पहिल्यांदा स्वतःचा आवाज यंत्रातून ऐकला. दोन वर्षांनी त्यानं मुकादमाकडे तासाला साडेबावीस सेंटचे पंचवीस मागितले, मिळाले नाहीत, आणि त्यानं शिकागोची गाडी धरली. त्या काळात दक्षिणेतून लाखो काळे लोक असेच उत्तरेला आले. इथे दिवसा तो ट्रकमधून खिडक्यांचे पडदे पोचवायचा आणि रात्री दारूच्या गुत्त्यात वाजवायचा. गुत्त्यातल्या गलक्यात साधी गिटार कुणाला ऐकू येणार? म्हणून विजेवरची घेतली. ब्लूज म्हणजे दक्षिणेतल्या काळ्या लोकांचं गाणं. शिकागो ब्लूज म्हणून जगभर जे ओळखलं जातं, त्याच्या मुळाशी निम्मं कारण हा गलका आहे.

आता मंडळी. बाबा, ब्लूजचा साचा तुम्हाला दोन मिनिटांत कळेल. चार मात्रांचा एक खंड, असे बारा खंड, की एक चक्र पूर्ण. सूरसमूह तीनच: सा, म आणि प यांच्यावरचे. कागदावर इतकं सोपं, की कुणालाही वाटावं यात काय आहे. गोम पुढे आहे. मडी गाताना शब्द मागे खेचायचा, अपेक्षेपेक्षा उशिरा टाकायचा, कधी खंड लांबवायचा. म्हणजे साथीदारांनी मोजत बसायचं नाही, त्याच्या तोंडाकडे बघत राहायचं. नाट्यसंगीताच्या मैफलीत तुम्ही गवयाच्या खांद्याकडे बघायचात तसंच. चांगले वादकही त्याच्याकडे आले की पहिले काही दिवस चाचपडायचे.

पहिला साथीदार जिमी रॉजर्स, दुसरा गिटारवाला. आणि माउथ ऑर्गनवर लिटल वॉल्टर, लुइझियानातून आलेला पोरगा, मॅक्सवेल स्ट्रीटच्या बाजारात रस्त्यावर वाजवणारा. हे तिघं रात्री या क्लबातून त्या क्लबात जायचे आणि तिथल्या वादकांना मंचावर हरवून यायचे. आईच्या भाषेत, उचापती.

वॉल्टरबद्दल जरा थांबून लिहिते. त्यानं साधा स्वस्तातला माईक आणि माउथ ऑर्गन दोन्ही एकाच ओंजळीत धरले आणि वायर गिटारच्या ॲम्प्लिफायरला जोडली. आवाज असा सुटला की सॅक्सोफोन वाजतोय की आणखी काही, कळेना. आणि हे ऐका: गाणं पांढरी तीनमध्ये असेल तर बाजा घ्यायचा पांढरी सहाचा. त्यामुळे फुंकण्यापेक्षा श्वास आत ओढण्यावर भर येतो, आणि आत ओढलेला सूर जीभ आणि घसा वापरून खाली वाकवता येतो. पेटीवर जी मींड निघत नाही म्हणून तुम्ही आयुष्यभर कुरकुरलात, ती हा माणूस वीतभर बाजातून काढायचा.

१९५२ मध्ये त्याची 'ज्यूक' नावाची नुसत्या वादनाची तबकडी निघाली आणि काळ्या लोकांच्या संगीताच्या खपाच्या यादीत आठ आठवडे पहिली राहिली. झालं. पोरानं दौरा चालू असताना बँड सोडला आणि शिकागोला परत आला. इथे एसेस नावाच्या दुसऱ्या बँडचा माउथ ऑर्गनवाला ज्युनियर वेल्स मडीकडे गेला आणि वॉल्टरनं त्याच एसेसना आपल्या हाताखाली घेतलं. म्हणजे सरळ अदलाबदल! गंमत अशी, की सोडून गेलेला वॉल्टर मडीच्या तबकड्यांवर नंतरही वर्षानुवर्षं वाजवत राहिला. स्टेजवर एक वादक, रेकॉर्डवर दुसरा. पुढे जेम्स कॉटन आला, त्याला मंचावर वॉल्टरच्या जागा जशाच्या तशा घ्याव्या लागत. त्याचं काय होत असेल हे मला विचारू नका, बाबांना विचारा. कॉटननं बारा वर्षं काढली आणि मग स्वतःचा बँड केला. नव्वदच्या दशकात घशाच्या कॅन्सरनं त्याचा गाता आवाज गेला, तर गायला दुसऱ्याला उभं करून तो वाजवत राहिला, २०१७ मध्ये जाईपर्यंत. वॉल्टर मात्र १९६८ मध्येच गेला. दारू, मारामाऱ्या, आणि अशाच एका मारामारीनंतर झोपेत. वय सदतीस.

आणि पियानोवर ओटिस स्पॅन. मला सगळ्यांत तोच आवडतो. मडी त्याला भाऊ म्हणायचा, रक्ताचं नातं नसताना. १९५४ मध्ये मडीनं शहराच्या दक्षिण भागात लेक पार्क ॲव्हेन्यूवर विटांचं घर घेतलं. त्याच्या तळघरात स्पॅन राहायचा आणि तालमीही तिथेच. वर मडीची बायको जिनिव्हा सगळ्यांना जेवू घालायची. आई, इतिहासात तिचं नाव एका ओळीत येतं. तुला माहीत आहे एवढी माणसं वेळी-अवेळी जेवायला आली की काय होतं. मी ते घर बाहेरून पाहिलं. २०२१ मध्ये शहरानं त्याला वारसावास्तू केलं आणि घरातलीच माणसं तिथे संग्रहालय उभं करतायत.

१९६० मध्ये न्यूपोर्टच्या संगीत महोत्सवात दंगल झाली, आत शिरता न आलेल्या दारुड्या पोरांची. महोत्सव आवरता घ्यायचं ठरलं. तिथे हजर असलेला कवी लँग्स्टन ह्यूज यानं निरोपाचं गाणं लिहून दिलं आणि ते स्पॅननं गायलं, मडीनं नाही. पियानोमागून पुढे येण्याचा त्याचा हा मोठा क्षण. दहा वर्षांनी तो यकृताच्या कॅन्सरनं गेला, जेमतेम चाळिशीत, आणि त्याच्या कबरीवर साधा दगडसुद्धा नव्हता. १९९९ मध्ये चाहत्यांनी पैसे जमवून बसवला. ज्यांनी या तबकड्या विकून कंपन्या चालवल्या त्यांना एका दगडाचा खर्च जड गेला नसता, असं माझं मत.

पैशाचं तर विचारूच नका. मडीच्या तबकड्या काढणारी कंपनी चेस बंधूंची, पोलंडहून आलेल्या ज्यू भावांची. मिशिगन ॲव्हेन्यूवरचा त्यांचा स्टुडिओ मी पाहून आले. अरुंद दुमजली इमारत, वर जायला उंच जिना, या जिन्यावरून ॲम्प्लिफायर चढवत असतील या विचारानंच दम लागला. चेस नसते तर हे संगीत बाहेर पडलं नसतं, हेही खरं. पण गाण्यांच्या हक्काच्या पैशासाठी मडीला आणि गाणी लिहून देणाऱ्या विली डिक्सनला सत्तरच्या दशकात कोर्टात जावं लागलं, तेव्हा तडजोड झाली. मग मडी स्वतः मालक म्हणून कसा होता? १९८० मध्ये त्याचा सगळा बँड पैशावरून एकदम सोडून गेला. फड फुटला म्हणतो ना आपण, अगदी तसा. ज्यानं साडेबावीसचे पंचवीस मागितले होते, त्याच्याकडे आता दुसरे मागत होते. मला यात त्याची बाजू घेववत नाही.

बाबा, जिमी रॉजर्सचं राहिलं. स्वतःची गाणी चालली होती, तरी साठच्या दशकात तो या धंद्यातून बाहेर पडला. घर चालेना. कपड्यांचं दुकान टाकलं. १९६८ मध्ये मार्टिन लूथर किंग यांच्या हत्येनंतर दंगली पेटल्या त्यात ते दुकान जळालं, आणि मग तो परत गिटारकडे आला. तुम्ही ऑर्केस्ट्राच्या सुपाऱ्या घेणं बंद करून जिल्हा परिषदेची नोकरी धरलीत, तेव्हा आई म्हणाली होती, "बिदागीवर पोरीचं शिक्षण होत नाही." बरोबर होतं तिचं. त्या नोकरीनंच मी इथवर आले. पण त्यानंतर तुम्ही पेटी फक्त भजनी मंडळात काढलीत, आणि आता गुडघे दुमडत नाहीत म्हणून ती मंडळाला देऊन टाकायची म्हणताय. हे मला आईकडून कळलं, तुम्ही बोलला नाहीत.

पेटी देऊ नका. १९६९ मध्ये मडीच्या गाडीला भीषण अपघात झाला, बरगड्या आणि कंबरेचं हाड मोडलं, ड्रायव्हर गेला. त्यानंतर तो बऱ्याचदा स्टुलावर बसून गायचा, वाजवायचा. त्याचे सगळे ग्रॅमी पुरस्कार त्यानंतरचे आहेत. स्पॅनच्या जागी आलेला पाइनटॉप पर्किन्स तर मुळात गिटारवाला. चाळीसच्या दशकात भांडणात एका बाईनं त्याच्या डाव्या हातावर सुरी चालवली, शिरा तुटल्या, गिटार सुटली. मग तो पूर्ण पियानोकडे वळला. ९१ वर्षांचा असताना तो चालवत असलेल्या गाडीला रेल्वेनं ठोकरलं, गाडीचा चुराडा झाला आणि हा धडधाकट बाहेर. (याचा अर्थ तुम्ही स्कूटर चालवावी असा नाही.) २०११ च्या फेब्रुवारीत, ९७ व्या वर्षी, त्याला विली स्मिथबरोबर केलेल्या अल्बमसाठी ग्रॅमी मिळालं. तोवरचा सगळ्यात वयस्कर विजेता. हा स्मिथ मडीचा ड्रमर, ज्यानं मध्ये काही वर्षं बँड सोडून टॅक्सी चालवली होती. त्याच वर्षी आधी पाइनटॉप गेला आणि सप्टेंबरात स्मिथ.

मागच्या महिन्यात इथल्या एका छोट्या क्लबात गेले होते. कार्यक्रम संपल्यावर गायकाभोवती फोटोवाल्यांची गर्दी. सत्तरीचा ड्रमर एकटाच सामान आवरत होता. ड्रमखालची सतरंजी त्यानं एका टोकापासून घट्ट गुंडाळली, सुतळीनं बांधली, मग वाकून जमिनीवर पडलेला एक स्क्रू शोधून खिशात टाकला. मी जाऊन "छान वाजवलंत" म्हटलं, तर म्हणाला, "आज बास गिटारवाला जरा घाईत होता." तुमच्याच तोंडचं वाक्य.

तर, गल्लीतल्या सुताराला बोलवा आणि पेटीसाठी बाक करून घ्या. खुर्चीवर बसून कोपर काटकोनात येईल एवढी उंची, आणि भात्याला मागे मोकळी जागा. आई, माप तू घे, बाबा "चालतंय" म्हणतील. पैसे मी पाठवते, त्यावर वाद नको.

जूनमध्ये इथे ब्लूज महोत्सव असतो, मिलेनियम पार्कात, उघड्यावर आणि फुकट. तुमचा व्हिसा आहेच, मी तारखा बघतेय. आई, गोळ्यांची चिठ्ठी डॉक्टरांकडून नव्यानं लिहून घे. विमानतळावर दोन्हीकडे व्हीलचेअर सांगून ठेवणार आहे. बाबा नको म्हणतील, त्यांना सांग की त्या रांगेत पंधरा मिनिटांत सुटका होते आणि चालत गेलं तर दीड तास.

तुमची,
वैदेही